राखेचं मूळ

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बंदरातल्या तिसऱ्या कमानीखाली उभ्या असलेल्या कंटेनरवर लाल दिवा लागला.

आत काजूगर होते. पाठवणार: राऊळ काजू प्रक्रिया, कासरवाडी, तालुका कणकवली. जाणार: रॉटरडॅम. कागदावरचं मूळ: कोकण, भारत. यंत्राने वाचलेलं मूळ: पश्चिम आफ्रिका.

नियंत्रण कक्षात केतकी राऊळ ड्यूटीवर होती. तिने आडनाव वाचलं, गाव वाचलं, आणि पुढच्या ओळीवर नजर जायच्या आत तिचा स्क्रीन काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच उरलं: ‘कलम १७. आपण या प्रकरणातील पक्षाचे नातेवाईक आहात. कृपया खुर्ची सोडा.’

उपायुक्त फरीदा दळवी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. लाल दिवा त्यांच्याही टेबलावर लागला होता.

“तुमचा कोण?”

“धाकटा भाऊ.”

“सख्खा?”

“सख्खा.”

“मग उठा. मी बसते. चहा पिऊन या. आणि फोन करू नका.”

“फोन तोच करील, मॅडम.”

“करू दे. उचलू नका.”

मूळवाचक हे त्या यंत्राचं सरकारी नाव. बंदरातले लोक त्याला ‘भटजी’ म्हणत, कारण ते आल्या-गेल्याला गोत्र विचारी. कंटेनरच्या झरोक्यातून एक पोकळ सुई आत जाई, चिमूटभर माल बाहेर काढी, लेझर त्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका जाळी आणि त्या वाफेतल्या स्ट्रॉन्शियमच्या अणूंची मोजदाद होई. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचं भावंड. झाड मातीतून कॅल्शियम ओढतं तेव्हा हेही बोट धरून वर चढतं आणि फळात जाऊन बसतं. त्याच्या अणूंत हलके-जड असे प्रकार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खालच्या खडकाच्या जातीवर आणि वयावर ठरतं. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे खडकांच्या हिशेबात कालचं पोर. पश्चिम आफ्रिकेचा खडक दोनशे कोटी वर्षांचा. या दोन मातींतल्या काजूतला फरक जिभेला कळत नाही. यंत्राला चार मिनिटांत कळतो. काजू भाजा, सोला, तिखटमीठ लावा, ते प्रमाण हलत नाही.

यंत्र आधी आलं, कायदा मागून. एका देशाच्या मालावर जास्तीचा कर लागला की तोच माल दुसऱ्या देशाची पाटी लावून तिसऱ्या बंदरात उतरे, आणि मूळ प्रमाणपत्रं छापून देणारी दुकानं प्रत्येक बंदराच्या मागच्या गल्लीत होती. देशांचा एकमेकांच्या शिक्क्यावरचा विश्वास उडाला. शेवटी करार झाला: कागद नको, अणू बोलतील. सामील देशाने ठरल्या तारखेच्या आत आपल्या संसदेत तसा कायदा करायचा. न केल्यास त्याचा सगळा माल अज्ञात कुळाचा धरला जाईल. मुदत संपत आली तेव्हा आपल्याकडे ‘मूळ-निश्चिती विधेयक’ मांडलं गेलं. जेवणाच्या सुटीनंतर चर्चा सुरू झाली आणि दिवेलागणीच्या आत ते संमत झालं. बहुतेक कलमं करारातून जशीच्या तशी उचललेली होती. कलम ९: यंत्राचं वाचन हाच निर्णायक पुरावा, त्याविरुद्ध दुसरा पुरावा घेतला जाणार नाही. एका सदस्याने विचारलं, यंत्र चुकलं तर? मंत्र्यांनी उत्तर दिलं, यंत्र चुकत नाही, चुकला तर ज्याच्याशी वाचन ताडून बघतात तो मातीचा नकाशा चुकेल, आणि त्यासाठी कलम २२ आहे. सदस्य खाली बसले.

त्या नकाशातलं कोकणचं पान केतकी राऊळने तयार केलं होतं.

कॅन्टीनच्या मागच्या बाजूला, रिकाम्या क्रेटवर बसून तिने फोन उचललाच.

“ताई, माझो डबो लाल झालो म्हणतत. बल्ब गेलो काय तुमचो?”

“अवधू, मी ह्या विषयार बोलूक शकत नाय. कायदो आसा.”

“बोलू नको. ऐक तर खरा. खंयची आफ्रिका?”

“एकच सांग. मिसळलंस?”

पलीकडे भट्टीचा पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“माका इचारतंस तू ह्या?”

“कारखान्यात आफ्रिकेची बी येता. माका म्हायत आसा.”

“अख्ख्या जिल्ह्यात येता. आपली बी तीन महिने पुरता, मगे दीडशे बायका काय वाती वळतली? ती बी मुंबयच्या बाजाराक जाता, पाकिटार तसा लिहून. ह्यो डबो आपल्या कलमांचो. नव्या हंगामाचो पयलो. त्या आफ्रिकेची राख सोडल्यार काय एक आपल्या बागेत जाऊक नाय.”

“काय म्हटलंस?”

“राख गो. भट्टीची. टरफलां जाळतंव, राख झाडांच्या मुळात. बाबा असल्यापासून घालतत. बंदरात जाऊन इसारलंस सगळा?”

ती विसरली नव्हती. कारखान्याच्या मागच्या दाराशी राखेचा ढीग असे. संध्याकाळी सुटताना बायका पाटीभर राख डोक्यावर घेऊन जात. थोडी भांड्यांना, बाकीची परसातल्या काजूला. फुकटची म्हणून कोणी सोडत नसे. कासरवाडीचंच नव्हे, जिथे जिथे काजूची भट्टी, तिथे तिथे हेच. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेराहून परतताना पिशवीत राख नेई आणि त्यावर कोणी हसत नसे.

केतकीने फोन ठेवला आणि क्रेटवरच बसून राहिली. कोकणचा जांभा हा धुऊन गेलेला दगड. हजारो पावसाळ्यांनी त्यातलं कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम समुद्राला नेऊन दिलेलं. तिथलं झाड उपाशीच असतं. अशा झाडाच्या मुळाशी दरवर्षी पाटीभर राख पडली, तर ते जांभ्याकडे कशाला मागेल? ते राख खाईल. आणि ती राख ज्या टरफलाची, ते टरफल दोनशे कोटी वर्षांच्या खडकावर वाढलेलं. झाड कासरवाडीचं, पाऊस कासरवाडीचा, तोडणाऱ्या बाईचे हात कासरवाडीचे. गोत्र तेवढं बाहेरचं.

नकाशा करताना नियम होता: माणसाचा हात न लागलेली माती घ्या. तिने सड्यावरची, उघड्या कातळपठारावरची, घेतली होती, जिथे करवंदीशिवाय काही उगवत नाही. कुदळ अवधूतनेच धरली होती. “ह्या मातीत काय पिकता म्हणान तू ती दिल्लीक धाडतंस?” असं तो तेव्हा म्हणाला होता आणि ती हसली होती. नियम बरोबर होता. जगभर तोच होता. ज्या मातीत काजू होत नाही, त्या मातीवरून काजूचं मूळ ठरत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने घरातला डबा पिशवीत घातला. अवधूतच्या बायकोने, मानसीने, आठवड्यापूर्वी पाठवलेले गर होते, परसातल्या झाडांचे. जप्त मालाला हात लावणं गुन्हा होता, घरच्या खाऊला नव्हता. प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळेत नवीन लोक बिस्किटं, शेंगदाणे, काय वाटेल ते यंत्रात घालून बघत. तिने दोन गर ठेवले.

स्ट्रॉन्शियमचं उत्तर चार मिनिटांत आलं: पश्चिम आफ्रिका.

मग तिने दुसरी परीक्षा लावली, ऑक्सिजनची. ऑक्सिजन पावसातून येतो. ढग जसा आत सरकतो तसे जड अणू आधी गळतात, म्हणून प्रत्येक प्रदेशाच्या पाण्याची ठेवण वेगळी. राखेत पाऊस नसतो. ही परीक्षाही करारात घ्यावी असं काही शास्त्रज्ञांनी सुचवलं होतं. पण या परीक्षेला जवळजवळ दीड दिवस लागतो, आणि कंटेनर तेवढा वेळ थांबवायला कोणताही देश तयार नव्हता. ती वगळली गेली.

दीड दिवसाने उत्तर आलं: कोकण.

तिने ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवले. झाडांबद्दल शंका उरली नव्हती. कंटेनरमध्ये याच झाडांचे गर होते की नाही, ते मात्र हे आकडे सांगत नव्हते. ते फक्त अवधूत सांगू शकत होता, आणि त्याचं सांगणं कलम ९ प्रमाणे पुरावा नव्हतं.

फरीदा दळवींनी दोन्ही आकडे वाचले, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं.

“हे तुम्ही मला दाखवलेलं नाही.”

“दाखवतेय, मॅडम.”

“बसा. बहीण म्हणून तुम्ही एक ओळ जरी लिहिलीत तरी कलम १७. ढवळाढवळ. तुम्ही आत, भाऊ आधीच अडकलाय.”

“बहीण म्हणून नाही लिहीत. नकाशा मी केला. नकाशा चुकलाय असं नकाशा करणारीने कळवायचं, बावीस त्यासाठीच आहे ना?”

“आहे. पूर्ण वाचलंय?”

केतकीने वाचलं होतं. तरी फरीदाबाईंनी तिला ते तोंडाने म्हणायला लावलं, शाळेत लावतात तसं. नकाशाचा कोणताही भाग सदोष आढळल्यास त्या संपूर्ण क्षेत्राचा मूळ-दर्जा स्थगित होईल. नवा नकाशा तयार होऊन इतर सदस्य देशांनी तो मान्य करेपर्यंत, किमान तीन हंगाम, त्या क्षेत्रातल्या मालाला कोणतंही मूळ नाही.

“क्षेत्र म्हणजे?” फरीदाबाईंनी विचारलं.

“जिल्हा. आणि शेजारच्यांनीही राख घातली असेल तर तेही.”

“मूळ नाही म्हणजे कोण घेणार तो काजू?”

“कोणी नाही.”

“बघा म्हणजे. तुमच्याजवळ दार एकच आहे आणि ते सगळ्या जिल्ह्याच्या चुलीवर उघडतं.” फरीदाबाईंनी चष्मा पुन्हा लावला. “माझं माहेर राजापूरचं. आमच्याकडेपण घालतात राख. हेही मी बोललेली नाही.”

सुनावणीसाठी अवधूत आला तो इस्त्रीचा सदरा घालून, हातात मानसीने दिलेली भाकरीची पिशवी घेऊन. बंदराच्या फाटकासमोर एक खानावळ होती. भावा-बहिणीने एका टेबलावर जेवणं कायद्याला मंजूर नव्हतं, म्हणून ते शेजारशेजारच्या टेबलांवर एकमेकांकडे पाठ करून बसले. अवधूतला त्याची मजा वाटली.

“लहानपणी रुसायचंस तेवा अशीच बसायचंस.”

“जेव गप.”

मग तिने त्याला सगळं सांगितलं. राख, जांभा, दोन आकडे, बावीस. त्याची कालवणाची वाटी तशीच राहिली.

“म्हणजे तू कागद धाडलंस तर मी सुटलंय.”

“सुटशीत.”

“आणि सावंत, तेली, बाकीचे कारखानेवाले, ती पेंडवाडीची सातेरी महिला संघवाली, सगळी अडाकतली.”

“हां.”

“आणि नाय धाडलंस तर मी एकटोच.”

“आत्ता एकटो. मगे त्यांचोही माल येतलो, अवधू. तोय लालच येतलो. राख सगळ्यांनीच घातलीहा.”

“येतलोच असा कित्या? म्हायत आसा तुका? संघाची भट्टी आत्ता चार वर्सां झाली. आमची वीस. तेंच्या झाडांत तेवढा उतारला नसात.”

तिला हे माहीत नव्हतं. कोणाच्या झाडात किती राख उतरली हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोजायचं तर आधी कळवायला हवं. ती तसं म्हणाली.

अवधूत हसला. “झाडाच्या कलमाचो कायदो तुका शिकवतंय. खुंट आपलो, काडी भायरची. जोड बसली नाय तर काडी वाळता, खुंट जगता. तुमच्या कायद्यात उलटा. काडी जगता आणि खुंट वाळता. मी सुटतलंय, जिल्हो मरतलो.”

“अवधू.”

“काय गो?”

“मिसळलंस?”

तो उठला. पाठमोऱ्या तिच्या खांद्यावरून त्याने भाकरीची पिशवी तिच्या टेबलावर ठेवली.

“मानशीन तुझ्यासाठी दिल्यानी. शिळी करू नको.”

सुनावणीला फार वेळ लागला नाही. केतकीला आत जायला परवानगी नव्हती. ती जिन्याखाली उभी होती तेव्हा फोनवर सूचना आली, सगळ्या कर्मचाऱ्यांना येते तशीच. ‘राऊळ काजू प्रक्रिया, कासरवाडी. कलम ३१ अन्वये पक्षाची कबुली: परदेशी माल मिसळून स्थानिक म्हणून पाठवला. परवाना कायमचा रद्द. माल नष्ट करावा. प्रकरण निकाली.’

कबुली दिली की चौकशी थांबते. कोणी गावात येत नाही, झाडं बघत नाही, राख विचारत नाही. अवधूतला एवढं पुरेसं होतं.

तो जिना उतरून आला तेव्हा सदऱ्याची इस्त्री मोडलेली नव्हती.

“हे काय केलंस?”

“बायकांचा बोललंय संघाशी. साठ-सत्तर जणींक ते घेतत. उरलेल्यांचा बघूया.”

“मी ते विचारत नाय. खोटं बोललंस की खरं?”

“आता कायद्यानं मी मिसळलंय.” त्याने तिच्याकडे बघितलं नाही. “तुका तरी दुसरा कित्या व्हया?”

खांद्यावर हात ठेवावा एवढ्या अंतरावर तो होता. बाहेर रिक्षा थांबलेली होती. तो गेला.

तिच्या मनात पहिल्यांदा जी गोष्ट आली तिची तिला लाज वाटली: सुटका. कागद पाठवायची गरज उरली नव्हती. जिल्हा वाचला होता, नकाशा शाबूत होता, आणि भाऊ खोटारडा ठरला होता तोही स्वतःच्या तोंडाने. त्या रात्री ती झोपली. भाकरी मात्र तिने खाल्ली नाही.

ती सुटका आठवडाभर टिकली. मग फरीदा दळवींनी तिला बोलावून स्क्रीन तिच्याकडे वळवला.

“तुमच्यापासून लपवण्यासारखं नाही आता, प्रकरण बंद झालंय. हे बघा. कबुली असलेलं वाचन यंत्राच्या शिकवणीत जातं. करारातच आहे तसं. जिथे माणूस स्वतः म्हणतो मी लबाडी केली, त्याहून खात्रीचा धडा कुठला?”

स्क्रीनवर एक नवा संच होता. ‘सिद्ध नमुना: राऊळ.’

“म्हणजे?”

“म्हणजे यापुढे त्या भागातून येणाऱ्या मालात आफ्रिकेचं थोडंसं जरी प्रमाण दिसलं, तरी यंत्र नकाशाकडे जाणार नाही. थेट हा नमुना बघेल. आधी जे काठावर हिरवं झालं असतं, ते आता लाल होईल. आणि लबाडी सिद्ध धरून होईल.”

केतकीला पेंडवाडीची चार वर्षांची भट्टी आठवली. तेवढा उतारला नसात.

“मी बावीसखाली कळवलं तर?”

“तर कबुली खोटी ठरते. खोट्या कबुलीला वेगळं कलम आहे. तीन वर्षं, सक्तमजुरी.” फरीदाबाईंनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवला. “आणि ती खोटी आहे असं तुम्हाला खात्रीने माहीत आहे?”

केतकीजवळ दोन आकडे होते आणि भावाची पाठ होती.

संध्याकाळी तिने कासरवाडीला फोन लावला. मानसीने उचलला. अवधूत बागेत गेला होता. कशाला? “राख घालूक,” मानसी म्हणाली. “भट्टी बंद झाली, ढीग पडान आसा. फुकट कित्या घालवा?”

“त्याला सांग, घालू नको.”

“तुमीच सांगा, वन्सं. माझा ऐकता काय तो?”

तिने सांगितलं नाही. फोनवरचं बोलणं साठवलं जातं, राख हा शब्द दोन फोनांत आधीच येऊन गेला होता, आणि सरकारी कागदावर तो अजून कोणी लिहिलेला नव्हता.

सोमवारी दुपारी सातेरी महिला काजू संघ, पेंडवाडी, यांचा कंटेनर यार्डात आल्याची नोंद झाली. हंगामातला त्यांचा पहिला. केतकी ड्यूटीवर होती. संघाशी तिचं नातं नसल्यामुळे स्क्रीन काळा झाला नाही. कोणी खुर्ची सोडा म्हटलं नाही.

तिच्या स्क्रीनच्या उजव्या अंगाला दुसरी खिडकी उघडी होती. ‘कलम २२ अन्वये निवेदन. कोकण क्षेत्राच्या संदर्भ-नकाशातील दोषाबाबत.’ मजकूर पूर्ण होता. राख हा शब्द त्यात चार ठिकाणी होता. दोन आकडे जोडलेले होते. खाली तिचं नाव, त्यापुढे ‘नकाशाकर्ती’. स्थिती: मसुदा.

फरीदा दळवी दारात येऊन उभ्या राहिल्या.

कंटेनर तिसऱ्या कमानीखाली आला. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. त्याच्या पुढच्या काचेवर संघातल्या कोणीतरी अबोलीच्या फुलांचा वळेसर बांधला होता, पहिल्या मालाला बांधतात तसा.

चार वाजून दहा मिनिटांनी सुई आत गेली. खिडकीतला मजकूर अजून मसुदाच होता, आणि कमानीवर वाचन चालू असल्याचा पिवळा दिवा.